अंगणाला ठेकेदार लागतो कशाला?

आमच्या माणदेशात दोन गोष्टींना तोटा नाही, ऊन आणि दगड. पाऊस वर्षाला कसाबसा ५०० मिलिमीटर, तोही त्याच्या मर्जीनं. पण नांगराचा फाळ जमिनीत गेला की दगड वर आलाच. आज्याच्या काळापासून आम्ही दगड वेचतोय, बांधावर टाकतोय, तरी ढीग वाढतोच आहे. आणि अशा या मुलखात घरापुढच्या अंगणात टाकायला लोक तालुक्याहून सिमेंटचे पेव्हिंग ब्लॉक विकत आणतात. कुणी त्याला गट्टू म्हणतं. ते गट्टू ट्रॅक्टरला भाडं देऊन आणायचे, आणि तो ट्रॅक्टर दोन्ही बाजूंच्या दगडांच्या ढिगांमधून वाट काढत गावात यायचा. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं म्हणणं साधं आहे. शेतकऱ्यानं आपल्या दारापुढचं अंगण आपल्या रानातल्या दगडानं, आपल्या हातानं फरसबंद करावं. त्याला इंजिनिअर लागत नाही, ठेकेदार लागत नाही, सिमेंटचं एक पोतंसुद्धा लागत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या दारापुढं वीस बाय पंधराचं, म्हणजे ३०० चौरस फुटांचं दगडी अंगण आहे. ते मी आणि धाकट्या लेकानं मिळून बसवलंय. त्यावरून आठ पावसाळे गेलेत. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं यावं, चपला काढून त्यावरून चालून बघावं.

पहिल्यांदा शहरातल्या मंडळींचं घेतो, कारण त्यांचं प्रेम फार आहे आमच्यावर. थंडीत हुरडा खायला येतात, दारात उभे राहतात आणि म्हणतात, "काय हो, शेणानं सारवलेलं अंगण गेलं तुमचं! काय तो गंध, काय ती रांगोळी!" आमची मंडळी एकदा चुलीपुढनंच बोलली, "आवं, त्यास्नी म्हणावं, एक महिना ऱ्हावा आन् सारवून दावा. मग वास घ्या म्हणावं पोटभर."

ती पस्तीस वर्षं सारवत होती. शेण गोळा करायचं, माती कालवायची, त्याला लागणारं पाणी डोक्यावरनं आणायचं, मग उकिडवं बसून किंवा कंबरेत वाकून सगळं अंगण हातानं सारवायचं. आठ-पंधरा दिवसांनी परत तेच. सण आला की जादा, पाहुणा आला की जादा. एक वळवाचा पाऊस झाला की सगळं केलेलं वाहून जायचं आणि दारात पोटरीएवढा चिखल. त्या अंगणाच्या कौतुकाच्या गोष्टी ज्यांनी लिहिल्या त्यांतल्या कितीजणांनी स्वतः हातात पोतेरं धरलं होतं, हे एकदा विचारलं पाहिजे. आणि आता शेण तरी कुठं आहे? बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर शेण टाकत नाही.

तेव्हा गावातल्या बायांनी "आता अंगण घट्ट करा" असा धोशा लावला तो शंभर टक्के बरोबर होता. त्यांना कोरडी, घट्ट, झाडता येईल अशी जमीन हवी होती. पण घट्ट म्हणजे सिमेंट, हे त्यांना आणि आपल्याला कुणी शिकवलं? मागणी होती घट्ट अंगणाची, आणि गळ्यात मारलं सिमेंट. भांडण माझं त्याच्याशी आहे.

आता हिशेब करू. माझ्याच ३०० चौरस फुटांवर चार इंचांचा कोबा करायचा म्हटला तर १०० घनफूट काँक्रीट लागतं. एकास दोन, दोनास चार या प्रमाणात कालवलं तर सतरा-अठरा पोती सिमेंट. त्याला वाळू आणि खडी वेगळी, मजुरी वेगळी, मिक्सरचं भाडं वेगळं. आणि वाळू कुठली? आजवर ती आमच्या माणगंगेसारख्या नद्यांतूनच आली. नदीतली वाळू म्हणजे पाण्याची साठवण. वाळू उपसली की काठच्या विहिरींचं पाणी खाली गेलं. म्हणजे अंगण वाळवायला आपण विहीर वाळवली.

बरं, एवढं करून ते टिकतं का? काळ्या मातीवर टिकत नाही. ज्यानं काळं रान कसलंय त्याला हे सांगायला नको. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, हात आत जाईल एवढी भेग पडते. पावसाळ्यात पाणी पिऊन तीच माती फुगते. तिच्यावर कोबा टाकला की ती त्याला वर-खाली करत राहते. कोबा वाकत नाही, तो तडकतो. मग तडकलेल्या जागी ठिगळ लावायचं. ठिगळ जुन्याला धरत नाही, पुढच्या वर्षी त्याच्या कडेनं परत भेग. शेवटी सगळा कोबा फोडायचा, आणि तो राडा टाकायचा कुठं? ओढ्यात. आमच्याकडचे निम्मे ओढे आता अशाच राड्यानं भरलेत.

गट्टूचं तसं नाही. खरं सांगायचं तर गट्टूची रीत दगडाचीच आहे. खाली मुरूम, वर कच, त्यावर सुटे तुकडे, सांध्यात परत कच. एक खचला तर उचलून खाली भर घालता येते. रीत चांगली आहे, पण ती पाळतो कोण? आमच्या भागातल्या एका गावात एक गल्ली गट्टूनं केली. गावाचं नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. खालची काळी माती काढलीच नाही. वर इंचभर कच पसरली, गट्टू मांडले, फोटो काढला, बिल निघालं. दुसऱ्या पावसाळ्यात गल्लीची नाव झाली, मधे खोल आणि कडा वर. म्हाताऱ्या माणसांनी ती वाट सोडली आणि शेजारच्या मातीतनं जायला लागली. सार्वजनिक कामात असं होतं त्याला कारण आहे. ज्याचं त्यावर रोज चालणं नाही, त्यानं ते केलं. घरचं अंगण तसं का व्हावं? तिथं तर चालणारा आणि करणारा एकच असू शकतो.

पाण्याचं बघा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझं अंगण २८ चौरस मीटरचं. ५०० मिलिमीटर धरला तर वर्षाला १४,००० लिटर पाणी नुसत्या त्या तुकड्यावर पडतं. कोब्यावर पडलेलं जवळजवळ सगळं गटारात जातं. गावात दोनशे घरं धरा, करा गुणाकार. २८ लाख लिटर झाले. आणि मार्चपासून त्याच गावाला टँकर लागतो. सांध्यात कच भरलेल्या दगडी अंगणात भुरभुर पाऊस जागीच मुरतो. मोठ्या सरीचं पाणी वाहतं, ते मी उतार देऊन कडेच्या कडुलिंबाच्या आणि केळीच्या आळ्यात सोडलंय. मी काही गावाचा दुष्काळ हटवला असं म्हणत नाही. माझ्या वाटचं पाणी मी गटारात घालवत नाही, एवढंच.

आता मुद्द्याचं बोलतो. लोक दगडाला का भ्यायले? पैसा हे कारण नाही, दगड फुकट आहे. ताकद हेही नाही. आमच्याकडची पोरं तालुक्याला जिममध्ये पैसे भरून लोखंड उचलतात. कारण आहे लाज. आणि त्या लाजेमागं एक जुनं दुखणं आहे.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना दगड म्हटलं की खडी आठवते. मी तेव्हा शाळेत होतो. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध अशी कामं निघाली आणि घरटी माणसं कामावर गेली. बाया कडेला मूल झोपवून, बोटाला चिंधी गुंडाळून खडी फोडत बसायच्या. माझी आईही त्यात होती. सुकडी मिळायची, ती आम्ही पोरं खायचो. तिच्या हाताला तेव्हा पडलेले घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. त्या पिढीनं मनात ठरवून टाकलं, की दगड फोडणं म्हणजे उपासमार, आणि आपल्या पोरांच्या हातात ही पाळी येऊ नये. ते ठरवणं चुकीचं होतं असं मी कसं म्हणेन? पण पुढच्या पिढीनं त्यातला अर्थ उलटा घेतला. पोटासाठी सरकारी कामावर खडी फोडावी लागणं ही विपत्ती होती. आपल्या घरापुढं आपल्या सवडीनं दगड बसवणं ही विपत्ती कशी? पहिल्यात दगड दुसऱ्याचा, मोजमाप दुसऱ्याचं, पोट मात्र आपलं. दुसऱ्यात तिन्ही आपलं. हा फरक समजून न घेता आपण दगडालाच बदनाम केलं आणि सिमेंटला प्रतिष्ठा दिली.

लाजेचं दुसरं मूळ त्याहून वाईट आहे. मी अंगण बसवायला घेतलं तेव्हा भावकीतला एकजण पारावर म्हणाला, "तात्यानं वडाराचं काम धरलंय." हसले सगळे. मी त्याला विचारलं, तू ज्या विहिरीचं पाणी पितोस ती कुणी बांधली? शिंगणापूरला महादेवाला जातोस, त्या पायऱ्या कुणाच्या हातच्या? तू बसलायस तो पारच कुणी बांधला? महाराष्ट्रातले किल्ले, घाट, बारवा, धरणं यांना ज्यांचे हात लागले त्या वडारांना आणि पाथरवटांना आपण गावाबाहेर पालात ठेवलं, आणि त्यांच्या कामाचं नाव शिवीसारखं वापरतो. जुन्या हेमाडपंती देवळांत चुना न घालता दगडावर दगड बसलेत आणि शेकडो वर्षं उभे आहेत. ते बघायला आपण सहल काढतो. आणि तीच रीत दारात आणली की हसतो!

मला दगड बघायला शिकवलं तेही वडार वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी. मी त्यांना गुरूच मानतो. तेव्हा कुणी म्हणेल, "तुम्ही सगळे स्वतःच करायला लागलात तर त्यांची रोजी बुडेल." रोजी कधीच बुडाली, आणि ती कोब्यानं बुडवली. ठेकेदार त्यांना बोलवत नाही, त्याला दगडाचं काम नकोच असतं. उलट, गावात पाच अंगणं दगडाची झाली तर दाराची पायरी घडवायला, मोठा दगड फोडायला, कोपऱ्याचे दगड गुण्यात काढायला त्यांनाच बोलवावं लागेल. मी पायरीचे तीन दगड त्या बाबांकडनंच घडवून घेतले, आणि रोज त्यांनी सांगितला तो दिला, घासाघीस केली नाही. स्वतः करा म्हणजे कुणाला देऊ नका, असा अर्थ नाही. जे आपल्याला येण्यासारखं आहे ते करा, जे येत नाही त्याला मान देऊन बोलवा.

आणि एक गंमत बघा. आपल्याला ज्याची लाज वाटते ते शहरवाल्यांनी ओळखलंय. पडक्या वाड्यांचे घडीव दगड, उंबऱ्याचे दगड, उखळं, जाती मोडीत घेऊन जाणारे टेम्पो गावोगाव फिरतात. ती कुणाच्या तरी फार्महाऊसच्या बागेत जातात. जिथं आपल्या आजीनं पहाटे ओव्या म्हटल्या ते जातं तिथं हिरवळीत पाय ठेवायला पुरलेलं असतं. आपण ते विकलं आणि त्या पैशात गट्टू आणले. हा व्यवहार कुणाला फायद्याचा वाटत असेल तर त्यानं पुढं वाचू नये.

ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी आता कामाचं सांगतो. कारण नुसतं भांडून अंगण होत नाही.

सुगी उरकल्यावर, उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आत काम धरावं. आधी चार खुंट्या आणि सुतळी. कोपरा गुण्यात आहे का बघायला एका सुतळीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करायची, दोन्ही खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात. मग उतार. घराकडनं बाहेर, दर चार फुटांना एक इंच. माझ्या पंधरा फुटांना पावणेचार इंच पडला. पाणी घराच्या पायाकडं येता कामा नये, ही एकच गोष्ट अशी आहे की तिच्यात हयगय चालत नाही. लेव्हल बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते.

मग खणायचं, एक फूट खोल. काळी माती सगळी बाहेर. माझ्या अंगणातनं तीन ब्रास माती निघाली, ती परसात टाकली, तिथं आता शेवगा आणि वांगी आहेत. त्या खड्ड्यात सहा इंच मुरूम, पण एकदम टाकायचा नाही. तीन-तीन इंचांचे दोन थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसनं ठोकायचा. पायाची टाच उमटेनाशी झाली की थर बसला समजा. खरं अंगण हेच आहे, वरचा दगड म्हणजे त्याची टोपी. ठोकून बसायचा म्हणून मी दोन ब्रास मुरूम आणला. त्यावर दोन इंच कच, ती पाऊण ब्रास लागली, सांध्यांसकट. मुरूम-कच उचलायच्या आधी तलाठ्याला विचारून घ्यावं, गौण खनिजाची भानगड पाठीमागं लावून घेऊ नये.

दगड कुठला? बांधावरच्या ढिगातला, नांगरानं निघालेला. जी ताल पाणी आणि माती अडवून धरते तिचा एकही दगड काढायचा नाही. ताल मोडून अंगण करणारा शेतकरी आणि नदी उपसून बंगला बांधणारा, दोघं एकाच माळेचे मणी. ढिगातला दगड उचलताना आधी पहारीनं उलटायचा, मगच हात घालायचा. खाली विंचू असतोच.

प्रत्येक दगड हातोडीनं वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर टाका. आमच्या काळ्या दगडात एक जात अशी असते की तिचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. दिसायला चपटा, पण दोन पावसाळ्यांत भुगा. तो नको. एक तोंड सपाट असलं की झालं, बाकी पोट कसंही असू दे, ते कचेत जाणार आहे. जाडी साधारण चार इंच. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि चार इंच जाड दगड म्हणजे एक घनफूट झाला, त्याचं वजन ८० किलोच्या घरात जातं, सिमेंटच्या दीड पोत्याहून जास्त. असा दगड एकट्यानं उचलायची मर्दुमकी दाखवू नये. पहारीखाली लहान दगडाची टेकण द्यायची आणि सरकवत न्यायचा. माझ्या सगळ्या अंगणात सात टन दगड आहे, आणि त्यातला कुणी छातीशी धरून आणलेला नाही. छिन्नी चालवताना डोळ्याला चष्मा लावा. चीप उडते ती सरळ डोळ्यात.

सगळ्यात मोठे दगड कडेला आणि दारापुढं. कडेचे थोडे खोल बसवायचे, म्हणजे मधले सरकत नाहीत. दगडाचं पोट बघून कच उकरायची, दगड ठेवायचा, लाकडी मोगरीनं ठोकायचा आणि मग त्याच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून बघायचं. डुगडुगला तर काढा, कच भरा, परत ठेवा. सांधेमोड सांभाळायची, चार दगडांचे कोपरे एका जागी भेटू द्यायचे नाहीत. सांधा बोटभर, त्याहून रुंद नाही. ही अट आमच्या मंडळींची होती. म्हणाली, "आत्याबाईंची काठी अडकली तर बघा, सगळं उपटायला लावीन." माझी आई तेव्हा हयात होती, काठी टेकत चालायची. म्हणून ज्या वाटेनं ती न्हाणीकडं जायची तिथं सगळ्यात सपाट दगड निवडून घातले. कोण कुठनं चालतं, कुणाचे गुडघे दुखतात, हे घरच्या माणसालाच ठाऊक. ठेकेदाराच्या नकाशात न्हाणीची वाट नसते.

शेवटी सांध्यात कच लोटायची, झाडूनं दाबायची, पाणी मारायचं, आठ दिवसांनी परत भरायची. संपलं. आम्ही दोघांनी रोज सकाळी तीन तास काम केलं. खणण्यापासून झाडण्यापर्यंत पावणेदोन महिने लागले. दिवसाला आठ-दहा चौरस फूट दगड बसायचा. पैसे गेले ते मुरुमाला, कचेला, ट्रॅक्टरच्या डिझेलला आणि पायरीच्या मजुरीला.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा प्रश्न येणारच. मी उलट विचारतो, कोब्याचे पैसे मिळवायला जो वेळ गेला तो कुणाचा होता? कांदा विकून, नाहीतर सोसायटीचं कर्ज उचलून कोबा होतो. तो कांदा काय तीन तासांत पिकतो? वेळ दोन्हीकडं जातो. एकीकडं तो अंगणात दिसतो, दुसरीकडं हप्त्यात.

दगडी अंगणाला खोड नाही असंही नाही, ती लपवून मला काही विकायचं नाही. सांध्यातनं हरळी येते. श्रावणात दोनदा बसून उपटावी लागते. वैशाखात दुपारी काळा दगड असा तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. म्हणून झाडाची सावली पाहिजे, आणि संध्याकाळी एक बादली पाणी शिंपडलं की बसण्याजोगं होतं. ज्वारी उघडी वाळत घालता येत नाही, दाणे सांध्यात जातात, ताडपत्री लागते. बाजेचा एक पाय हमखास डुगडुगतो, खाली चीप सारावी लागते. आणि तीन-चार वर्षांत एखादा दगड खचतो. तो पहारीनं उचलायचा, खाली कच घालायची, परत ठेवायचा. अर्ध्या तासाचं काम. कोब्याला असं अर्ध्या तासात दुरुस्त करून दाखवा.

माझा लेक पुढं शहरात नोकरीला गेला. त्याला पहार कशी धरायची, उतार कसा काढायचा, दगड कसा वाजतो हे आता कळतं. कुणीही त्याला खाली मुरूम न घालता गट्टू विकून दाखवावा. ज्यानं एकदा हातानं काम केलंय त्याला फसवणं अवघड असतं. आणि आपल्याला हातानं काम येऊच नये, यात कुणाचा फायदा आहे, हे वाचणाऱ्यानं आपलं आपण ताडावं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत गट्टूचा विषय निघाला की उठून तीन गोष्टी विचारा. खाली मुरूम किती इंच? उतार कुणीकडं? पाणी जाणार कुठं? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि स्वतःच्या दारापुढच्या अंगणाला मात्र कुणाच्या मंजुरीची वाट बघू नका. येत्या सुगीनंतर चार खुंट्या ठोका आणि पहिल्या दिवशी फक्त एक हातभर जागा खणा. दुसऱ्या दिवशी पोरगं आपणहून टिकाव मागायला येतं.